रस्ता, नाला, विहीर आणि आपली नातवंडं: बेळगाव परिसरातल्या टिकाऊ बांधणीविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात कुठे ग्रामसभा असली, गल्लीत पंच मंडळींची बैठक असली आणि विषय रस्त्याचा, गटारीचा किंवा पाण्याचा असला की मला बोलावणं येतं. स्थापत्य अभियंता म्हणून माझं निम्मं आयुष्य साइटवर गेलं. तिथे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं गणिताची आहेत, काही माझ्या मताची. मत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

"शाश्वत पायाभूत सुविधा" हा शब्द सगळीकडे ऐकतो. आमच्या गावाशी त्याचा काय संबंध?

कोणतंही काम मंजूर होण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे किती वर्षं टिकणार? त्याची देखभाल कोण करणार आणि पैसा कुठून येणार? आणि ते बांधताना जे मोडेल ते पुन्हा उभं करता येईल का?

पहिले दोन प्रश्न लोक विचारतात. तिसरा राहून जातो, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. उखडलेला रस्ता पुन्हा करता येतो. बुजवलेला नाला, भरावाखाली गेलेलं भाताचं शेत, तोडलेलं पाणलोटातलं रान परत येत नाही.

लांबचं उदाहरण नको. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं, तेव्हा त्याचा पूर्ण लाभ आपल्या हयातीत दिसणार नाही हे उघड होतं. तीच भोगावती पंचगंगेत, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि कृष्णा पुढे आपल्या चिकोडी भागात येते. शंभर वर्षांपूर्वीच्या निर्णयाचं पाणी आजही वाहतं आहे. चुकीचा निर्णयही इतकाच लांब वाहत जातो.

शेत म्हणजे शेत. त्याला "सुविधा" कसं म्हणता?

हा प्रश्न मला वडगावात एका तरुणाने विचारला होता. त्याला बांधावर बसून जे गणित मांडून दाखवलं, ते इथे देतो.

शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर या शिवारात आपला बेळगावचा बासमती होतो. भाताच्या वाफ्याला बांध असतो, वीतभराहून थोडा कमी उंचीचा. साधारण १५ सेंटीमीटर धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. बांध भरेपर्यंत पाणी साठलं तर एका एकरात सहा लाख लिटर. शंभर एकरांत सहा कोटी लिटर. एवढ्या पाण्याची टाकी बांधायला काय खर्च येईल, तो कुठल्याही ठेकेदाराला विचारा. आणि ही टाकी पाणी नुसतं अडवत नाही, सावकाश जमिनीत मुरवते, वर धान्यही देते.

आता त्याच एकरावर प्लॉट पडले, काँक्रीट झालं, पेव्हर बसले असं धरा. तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस पडला तर त्या एकरावर दोन लाख लिटर पाणी येतं. मोकळ्या शेतातून त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास वाहून जातं, म्हणजे साठ हजार लिटर. काँक्रीटवरून नव्वद टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. पाऊस तोच, पण नाल्यावर भार तिप्पट. एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती, करताना हा तिप्पट भार कोण घेणार, याचा कागद कुणी मागत नाही. मागायला हवा.

बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी शिवारात शिरतं. नाला रुंद केला की प्रश्न सुटेल ना?

गाळ आणि जलपर्णी काढायलाच हवी, आणि ती मे महिन्याच्या आत. पाऊस सुरू झाल्यावर यंत्र नाल्यात उतरवून उपयोग नाही. अतिक्रमणंही हटवायला हवीत. पण निव्वळ रुंदीकरणाने प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

नाल्याची ताकद त्याच्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरते. वर शंभर फूट रुंद केला आणि खाली रस्त्याखालची मोरी दहा फुटांचीच राहिली, तर पाणी त्या मोरीशी येऊन तुंबणार आणि मागे पसरत शिवारात येणार. म्हणून आधी मोऱ्या आणि पूल मोजायचे, खालून वर. सगळ्यात खालची अडचण आधी काढायची, मग तिच्या वरची. हा क्रम उलटा केला की वरचं पाणी लवकर खाली येतं आणि खालचा शेतकरी बुडतो.

शिवाय नाल्यात शहराचं सांडपाणी येतं. त्यामुळे आज पूर ओसरल्यावर मागे राहतो तो नुसता गाळ नसतो. पूर्वी पुराचा गाळ शेताला खत होता. आता त्याच गाळाने अंगाला खाज सुटते, हे भात लावणाऱ्या बायका सांगतात.

मग नाल्यावर स्लॅब टाकून झाकला तर? वास तरी जाईल.

नको. झाकलेल्या नाल्यातला गाळ काढता येत नाही, आत विषारी वायू साठतो, आणि वर रस्ता झाला की नाला होता हेच दहा वर्षांत लोक विसरतात. वास सांडपाण्याचा आहे, नाल्याचा नाही.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" २०१९ ला आला, २०२१ ला परत आला. मग हा हिशोब खोटा का?

हिशोब खोटा नाही, शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ असा की तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. आज आला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी, असं नाही. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या पुलाला तसा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के निघते.

दुसरी गोष्ट, हे आकडे जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेले असतात. पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळू लागला आणि शिवारात काँक्रीट वाढलं, की कालचा शंभर वर्षांचा पूर आजचा तीस-चाळीस वर्षांचा होऊ शकतो. म्हणून नव्या मोरीचं माप ठरवताना "कुठल्या सालापर्यंतचा पाऊस धरलाय?" एवढं तरी विचारा.

निपाणी-चिकोडी भागातले बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. ते उंच का करत नाहीत?

कारण ते मुळात पूल नाहीत. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोज-कारदगा, कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेचं पाणी उन्हाळ्यासाठी अडवायला बांधलेले. पावसाळा संपता संपता खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. पूर वरून निघून जावा म्हणूनच ते बुटके ठेवलेले असतात. आपण त्यावरून एसटी, ट्रॅक्टर, शाळेची मुलं नेऊ लागलो, आणि बंधाऱ्यावर पुलाचं ओझं आलं.

उत्तर म्हणजे बंधारा बंधारा ठेवायचा आणि जिथे रहदारी खरोखर मोठी आहे तिथे स्वतंत्र उंच पूल करायचा. पण उंच पुलातही एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. पूल नदीच्या पात्रापुरताच बांधायचा आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर मातीचा भराव टाकायचा, हा स्वस्त मार्ग. तो भराव पुरात धरणासारखा वागतो. नदी पुरात नुसत्या पात्रातून वाहत नाही, दोन्ही काठांच्या सखल मळीच्या रानातूनही वाहते. तिचा तो रस्ता बंद केला तर पाणी वरच्या गावात चढतं.

यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर येऊन २०१९ आणि २०२१ ला वाहतूक थांबली होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रस्ता उंच करायलाच हवा. पण निपाणी भागातल्या शेतकऱ्यांचं जे म्हणणं आहे, "भराव नको, खांबांवरचा पूल द्या", ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. खांबांचा पूल बांधताना महाग पडतो. भरावाचा खर्च मात्र पुढची पन्नास वर्षं वरच्या गावांच्या घरांतून आणि उसातून वसूल होत राहतो.

आणि नदीला सीमा नाही. दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव, ही धरणं महाराष्ट्रात. बुडणारी शेतं कर्नाटकात. धरणातून किती पाणी सुटणार हे दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांत वेळेवर कळवलं जाणं, ही एकही वीट न लावता मिळणारी सुविधा आहे.

शहराला चोवीस तास पाणी खरंच हवं का? चैन नाही का ती?

मीही सुरुवातीला तसंच म्हणायचो. २००८ पासून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि माझं मत बदललं. चार दिवसांतून एकदा पाणी सोडलं की मधल्या काळात पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपला जिथे फट आहे तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाइप सतत दाबाखाली असला की गळती बाहेर येते, दिसते, दुरुस्त होते. घरातही माणूस साठवतो कमी आणि शिळं म्हणून ओततो कमी.

अडचण पाणी कुठून आणायचं ही. मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाची भरलेली पातळी २,४७५ फूट. ते पाणी हिंडलग्याहून पंपाने लक्ष्मी टेकडीवर चढवतात. दुसरा जलाशय हिडकलचा, तो भरतो २,१७५ फुटांना. म्हणजे हिडकलचं पाणी राकसकोपपेक्षा तीनशे फूट खाली आहे आणि लांबही आहे. एक कोटी लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला नुसत्या गणिताने २,७०० युनिट वीज लागते. पंपातली आणि पाइपातली घट धरली तर चार हजारांच्या घरात. रोज. नातवंडांना हे बिल भरायचं आहे. म्हणून मार्कंडेयच्या पाणलोटातलं झाड तोडलं किंवा डोंगर फोडला की तो शहराच्या वीजबिलाचाही विषय असतो, हे तिकडच्या पंचायतींना आणि इकडच्या नगरसेवकांना एकत्र बसून बोलायला हवं.

आमच्या गल्लीत जुनी विहीर आहे. बुजवून तिथे समाजमंदिर करायचं म्हणतात. काय करावं?

बुजवू नका. हात जोडून सांगतो.

बेळगाव जांभ्यावर वसलंय. जांभा दगड जाळीदार असतो, पाणी धरतो. त्यामुळे आपल्याकडे फार खोल न जाता विहिरीला पाणी लागतं, आणि ते पहिल्या दमदार पावसाने वर येतं. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या लोकांसाठी खणलेली काँग्रेस विहीर शंभर वर्षांनी आजही आहे. काही दिवसांच्या कामासाठी खणलेली गोष्ट शतकभर टिकली, कारण जागा बरोबर निवडली आणि बांधणी दगडाची होती.

नव्वदच्या दशकात पाण्याची ओढ लागली तेव्हा शहरातल्या अशा जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या वापरात आणल्या गेल्या. पिण्यासाठी नसलं तरी धुणं, भांडी, बांधकाम, झाडं यासाठी ते पाणी चालतं, आणि तेवढं पाणी डोंगर चढवून आणावं लागत नाही.

काम असं करा. एप्रिल-मे मध्ये उपसा आणि गाळ काढा. कठडा आणि जाळी बसवा. विहिरीपासून पन्नास-शंभर फुटांच्या आत ड्रेनेजची लाइन फुटकी आहे का ते आधी तपासा, कारण जांभा जसं चांगलं पाणी धरतो तसंच घाणही पोचवतो. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. गणपतीची मूर्ती विहिरीत सोडायची असेल तर ती शाडूची असू द्या, किंवा वेगळा हौद करा. प्लास्टरचा थर झऱ्यांची तोंडं बंद करतो. समाजमंदिर विहिरीच्या शेजारीही बांधता येतं.

छपराचं पाणी साठवून किती फरक पडतो?

शंभर चौरस मीटरचं छप्पर, वर्षाला साधारण बाराशे मिलीमीटर पाऊस, त्यातला वीस टक्के वाया गेला धरला, तरी ९६ हजार लिटर. टाकी महाग पडते. ते पाणी गाळून आपल्या किंवा गल्लीच्या विहिरीत सोडा, तीच टाकी. अथणीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात मात्र टाकी परवडते.

गावात सगळे रस्ते सिमेंटचे झाले. हे चांगलं की वाईट?

रस्त्यावर अवलंबून आहे, म्हणजे मातीवर, उतारावर आणि भारावर.

अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीच्या काळ्या मातीत जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिथे वरचा थर कितीही भारी असू द्या. खाली पुरेसा मुरूम दाबलेला नसेल आणि कडेला पाणी निघून जायला चर नसेल, तर तो तडकणारच. इकडे खानापूर, जांबोटीकडे माती घट्ट पण पाऊस प्रचंड. डांबराचा वैरी पाणी, त्यामुळे तिकडच्या उतारावर सिमेंटचा पट्टा खरंच टिकतो. सपाट गल्लीत घरापासून घरापर्यंत काँक्रीट ओतणं मात्र चूक आहे. दरवेळी वर नवा थर चढतो, रस्ता उंच होतो आणि आजोबांच्या घराचा उंबरठा खाली जातो. मग पहिल्या पावसात पाणी घराच्या सोप्यात. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढा, ही अट ठरावात लिहून घ्या.

भाराचंही सांगतो, कारण आपण ऊसपट्ट्यात राहतो. रस्त्याचं नुकसान वजनाच्या पटीत वाढत नाही, चौथ्या घाताने वाढतं. चाकावर वजन वीस टक्के जास्त झालं की नुकसान दुप्पट. वजन दुप्पट झालं तर सोळा पट. दोन ट्रॉल्यांचा ओव्हरलोड ट्रॅक्टर एका हंगामात जे करतो ते गावातल्या सगळ्या मोटरसायकली मिळून आयुष्यभरात करणार नाहीत. कारखाना, वाहतूकदार आणि पंचायत यांनी मिळून वजन आवरलं तर रस्त्याचा अर्धा खर्च वाचेल.

शेताच्या पाणंदीला काँक्रीट नको. मुरूम, खडी, दोन्ही कडेला चर, आणि ओहोळ येतो तिथे मोरी. एवढं पुरतं.

खानापूरच्या जंगलातल्या गावांना रस्ता द्यावा की जंगल वाचवावं?

या प्रश्नाचं सोपं उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. गावं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आलं की आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं. ज्या घरातून तशी डोली निघाली, त्या घराला "जंगल जपा" सांगायला मी जाणार नाही.

पण हेही तितकंच खरं की मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादईचं पाणी त्याच रानातून निघतं. मलप्रभा पुढे सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडते आणि हुबळी-धारवाडची तहान भागवते. ते रान उघडं पडलं तर खालची धरणं गाळाने भरतील.

मला वाटतं, मधला मार्ग आहे: रुंद डांबरी रस्ता नको, ओढ्यांवर पायपूल आणि छोट्या गाडीपुरते साकव, जागच्या जागी सौर वीज, गावात प्रशिक्षित आरोग्यसेविका, आणि ज्यांना स्वखुशीने बाहेर यायचं आहे त्यांना पूर्ण मोबदला हातात पडल्यावरच स्थलांतर. साकव म्हणजे काही कमी दर्जाची गोष्ट नव्हे. कोकणात आणि आपल्या घाटावर पिढ्यांनी साकवांवरच संसार केले.

घर बांधतोय. जांभा वापरू की सिमेंटचे ब्लॉक?

चांगल्या खाणीचा जांभा मिळत असेल तर जांभा. भट्टी लागत नाही, भिंत थंड राहते, आणि पाडलेल्या घराचा चिरा पुन्हा वापरता येतो. ओली भिंत टाळायला छपराची वळचण मोठी ठेवा. खानापूरच्या मातीची कौलं आणि विटा अजून होतात. तो धंदा जगला तर आपल्यालाच सोयीचं आहे.

शहराची घाण आमच्या गावात का?

कचरा तुरमुरीला, सांडपाणी प्रकल्प हलग्याला. हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. शहराला कचरा आणि सांडपाणी शुद्ध करणं भाग आहे, त्याशिवाय नाले मरतील. पण ज्या गावाची जमीन जाते त्याला काय मिळतं? निदान एवढं तरी हवं: शुद्ध केलेल्या पाण्यावर पहिला हक्क त्या शिवाराचा, पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर, आणि पुढचा प्रकल्प दुसऱ्या दिशेला. ओला-सुका कचरा घरातच वेगळा केला तर गावाकडे जाणारी गाडी निम्मी रिकामी जाईल. हे शहरातल्या प्रत्येक घराचं देणं आहे.

भूसंपादनाची नोटीस आली, पण कन्नडमध्ये आहे. आधी काय करू?

त्याच दिवशी कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. मुदत तुम्हाला समजल्यापासून मोजत नाहीत.

कोणत्या कायद्याखाली नोटीस आहे ते पाहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या कायद्याच्या ३-अ कलमाची अधिसूचना निघते आणि हरकत घ्यायला प्रसिद्धीपासून २१ दिवस मिळतात. तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत यावा लागतो, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. आपल्याकडे ते कन्नड असू शकतं, म्हणून गावात एकाने तरी कन्नड पेपर पाहत राहावं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना असेल तर ६० दिवस.

हरकत लेखी, सर्व्हे नंबरनिशी. "आमची जमीन देणार नाही" एवढंच लिहू नका. पावसाळ्यात पाणी कुठून कुठे वाहतं, विहीर, पाइपलाइन, पाणंद कुठे तुटते, भरावामुळे कोणाच्या शेतात पाणी साठेल, ते नकाशावर दाखवा, फोटो जोडा. हलगा-मच्छे बायपासच्या शिवारातले शेतकरी इतकी वर्षं बांधावर आणि न्यायालयात उभे राहिले, त्यात अशा कागदांना मोल होतं. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

माहिती अधिकारात आराखडा मागता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द चालतात. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्या, नाहीतर भाषेच्या कारणाने परत येईल.

काम सुरू असताना आम्ही सामान्य माणसांनी काय पाहायचं?

टेप घेऊन जा. मोरीच्या तोंडाची रुंदी-उंची मोजा आणि आराखड्याशी ताडून पाहा. मोरीचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळतो का ते बघा. वर बसवली असेल तर पाणी मागे साठणार. काँक्रीट ओतल्यावर सात दिवस तरी, मिश्र सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस, त्यावर पाणी मारलं जातंय का पाहा. गोणपाट वाळलेलं दिसलं की फोटो काढा, तारखेसह.

आणि पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन घराबाहेर पडा. पाणी कुठे थांबतं ते मोबाइलवर टिपून घ्या, भिंतीवर पातळीची खूण करा, आणि त्याच आठवड्यात पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) लेखी द्या. ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षांची आहे ते करारात लिहिलेलं असतं. ती मुदत संपायच्या आत तक्रार गेली पाहिजे.